उतारवयातील झोप आणि झोपेची गोळी

"डॉक्टर, रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. एखादी झोपेची गोळी लिहून द्या." साठी ओलांडलेल्या रुग्णांची ही नेहमीची तक्रार. चौकशी केली की कळते, आजोबा दुपारी दोन तास झोपतात आणि रात्री आठलाच अंथरुणाला पाठ टेकतात. म्हणजे दोनपर्यंत त्यांची बरीचशी झोप होऊन गेलेली असते!

म्हातारपणी झोपेची गरजच उरत नाही, हा गैरसमज आहे. पासष्टीनंतरही दिवसाकाठी ७ ते ८ तास झोप हवी. मात्र वयाबरोबर गाढ झोप कमी होते, ती सावध बनते. मेंदूतील पिनियल ग्रंथीतून रात्री स्रवणारे मेलॅटोनिन घटते. झोपही लवकर येते आणि जागही लवकर येते. एवढे बदल स्वाभाविक समजावेत.

झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो आणि दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात. ब्रिटनमधील सुमारे ८ हजार लोकांच्या, २५ वर्षे चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशी-साठीत ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले. कमी झोप हेच त्याचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करणेही बरे नव्हे.

झोपमोडीचे कारण आधी शोधावे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर मधुमेह व प्रोस्टेट यांची तपासणी करावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल, तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. सांधेदुखी, जळजळ, मनाची खिन्नता हीदेखील कारणे असतात. मोठ्याने घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, असे घरच्यांनी पाहिले असेल तर दाखवून घ्यावेच.

दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी मात्र घातक. तिचा अंमल असताना रात्री मोरीकडे जाताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि हिंडताफिरता माणूस अंथरुणाला खिळतो. घोरण्याचा विकार असल्यास श्वासही मंदावू शकतो. अनेक महिने गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

घरच्या घरी एवढे करून पाहा :

* रोज ठरलेल्या वेळी उठा, सकाळच्या उन्हात फिरा.
* वामकुक्षी अर्ध्या तासाची, तीनच्या आत.
* दुपारनंतर चहा-कॉफी नको, तंबाखूही नको.
* रात्रीचे जेवण हलके व लवकर. अंथरुणात टीव्ही, मोबाईल नको.
* झोप येत नसेल तर कूस बदलत पडू नका. उठून बसा; पेंग आली की पुन्हा आडवे व्हा.
* मोरीच्या वाटेवर मंद दिवा ठेवा.

दोन-तीन आठवडे हे नेटाने पाळा. तरीही फरक पडला नाही, तर औषधाच्या दुकानाकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.