पाया खणण्यापूर्वी

एखाद्या भूखंडाची किंमत ठरविताना त्याचे क्षेत्रफळ, रस्त्याची जवळीक आणि बाजारभाव यांचा हिशेब कसोशीने केला जातो. परंतु त्या मातीखाली काय दडले आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो वेळीच न विचारल्यास किती महाग पडतो, हे लंडनने १९८९ साली अनुभवले. थेम्सच्या दक्षिण तीरावर नव्या कार्यालयीन इमारतीच्या जागी, शेक्सपिअरच्या काळातील 'रोझ' या नाट्यगृहाचे अवशेष उघडे पडले. हे नाट्यगृह १५८७ सालचे. आंदोलन झाले, काम रखडले आणि अवशेष खाली सुरक्षित राहतील अशा बेताने इमारतीचा आराखडा बदलावा लागला.

पुढील वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, ब्रिटिश सरकारने इंग्लंडसाठी नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परवानगीचा निर्णय होण्यापूर्वीच जागेचे पुरातत्त्वीय मूल्यमापन व्हावे, हा त्यांचा गाभा. प्रथम जुने नकाशे, दफ्तरे व पूर्वीच्या शोधांच्या नोंदी तपासावयाच्या; संभव दिसल्यास मोजके चाचणीचे चर खणावयाचे. आराखडा कागदावर आहे तोवर तो बदलणे स्वस्त असते, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र.

भारतात १९५८ चा कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई, तर त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. परंतु हे संरक्षण ज्ञात स्थळांपुरते. मातीखालील अज्ञात वस्त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. महाराष्ट्रात ही उणीव विशेष जाणवते. येथील जुन्या वस्तीची पांढर दगडी मंदिरासारखी डोळ्यांत भरत नाही. खापरांचे तुकडे आणि राखट माती एवढीच तिची खूण. प्रवरेकाठच्या दायमाबादच्या प्रसिद्ध धातुमूर्ती, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना योगायोगाने सापडल्या. तेथे माती उपसणारे यंत्र चालले असते, तर त्यांची वार्ताही कोणास लागली नसती.

विकास की वारसा, हा वाद पुष्कळदा उशिरा केलेल्या चौकशीतून जन्मतो. धरण असो, रस्ता असो वा वसाहत. गावातील जाणत्यांना विचारणे, नकाशे पाहणे आणि दोन चर खणणे, एवढा खर्च अंदाजपत्रकातच धरावयास हवा. वाया गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. विस्कटलेले मातीचे थर मात्र पुन्हा रचता येत नाहीत.