संपीडन : दाब सोसण्याचे सामर्थ्य

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. दट्ट्या खाली दाबला की नळीतील हवा थोड्या जागेत कोंबली जाते. बाहेरच्या बलामुळे पदार्थाचे आकारमान किंवा लांबी कमी होणे, यास पदार्थविज्ञानात 'संपीडन' म्हणतात. दट्ट्या दाबताना आपण जे कार्य करतो, त्यामुळे हवेचे तापमान वाढते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेने इंधन ठिणगीवाचून पेटते.

वायूचे रेणू एकमेकांपासून दूर असतात. म्हणून वायू सहज दबतो. घन पदार्थांचे रेणू जवळजवळ असल्याने त्यांतील संपीडन डोळ्यांना दिसत नाही. पण ते असते. भिंतीतील सर्वांत खालची वीट वरच्या साऱ्या विटांचा भार मुकाट्याने सोसत असते.

खडूचा तुकडा दोन्ही टोकांनी सरळ दाबून पाहा, तो टिकतो. तोच वाकवला की चटकन मोडतो. वाकवताना त्याच्या आतल्या बाजूस दाब व बाहेरच्या बाजूस ताण पडतो आणि तडा ताणाच्या बाजूने जातो. दगड आणि वीट यांचा स्वभावही असाच आहे. दाब सोसण्यात ते बळकट, ताण सोसण्यात दुबळे.

कमानीचे रहस्य यातच आहे. कमानीतील प्रत्येक वीट शेजारच्या विटेला रेटते आणि वरचा भार दाबाच्या रूपाने दोन्ही टोकांच्या आधारांकडे जातो. म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टण येथे डी हॅविलंड या इंग्रज लष्करी अभियंत्याने १८०८ साली सुमारे ११२ फूट लांबीची विटांची कमान उभारली. विटांच्या कमानींनी कावेरीवर पूल बांधता येईल, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती कमान १९३६ साली कोसळली; म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे ती केवळ संपीडनाच्या बळावर उभी होती.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील अनेक घरांच्या भिंती दगडमातीच्या व जाडजूड होत्या. वरून येणारा भार त्यांनी वर्षानुवर्षे पेलला होता. परंतु जमीन आडवी हादरताच त्यांत ताण निर्माण झाला. मातीच्या सांध्यांना तो सोसवला नाही. दगड सुटले आणि भिंती ढासळल्या. म्हणून भूकंपप्रवण भागात जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा बांधावा, असे अभियंते सांगतात. काँक्रीट दाब सोसते, सळई ताण सोसते. भिंत जाड आहे, एवढ्यावर विसंबू नये. ती कोणते बल सोसू शकते, हे घर बांधण्यापूर्वीच विचारावे.