दादीचा रुपया आणि सुट्टीतल्या दोन सहली

निफाडला पाहुणे आले की आम्ही त्यांना दोनच गोष्टी दाखवत आलो: द्राक्षांचे मळे आणि नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांनीच कंटाळून विचारलं, "इथं दुसरं काहीच नाही का?" म्हणून दोन दिवस काढले. सोबत दादीही निघाली.

पहिली सहल मंगळवारी, कारण येवल्याचा घोडेबाजार मंगळवारी भरतो. विंचूरमार्गे तासाभराचा रस्ता. दसऱ्याला बाजार सर्वांत मोठा असतो. आम्ही गेलो तेव्हा गर्दी कमी होती, मुलांचा हात धरून निवांत फिरता आलं. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकतील इतके. पांढरा, गुलाबी कातडीचा तो नुकरा. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. गिऱ्हाईक आधी दात पाहून वय ताडतं, मग अंगावरचे भोवरे मोजतं. दात पाहणं आम्हाला पटलं. भोवऱ्यावरून माणसाचं नशीब ठरवणं पटलं नाही, पण त्यावरून किंमत चढते-उतरते एवढं खरं.

घोड्याला नाल ठोकताना पाहून मुलगी एकदम थबकली. तिच्या मैत्रिणीचं आडनाव नालबंद. वडिलांचं मोबाइलचं दुकान. त्या आडनावाचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. मग घोडा शिकवून तयार करणारा तो चाबूकस्वार, हेही दादीनं सांगितलं. आमच्या नात्यात चाबूकस्वार आहेत आणि त्यांच्यातला कोणीही घोड्यावर बसलेला नाही.

दुसरी सहल नाशिकच्या दिशेची. सकाळी लवकर निघून थेट त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला गेलो. नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था तिथं 1980 पासून आहे, तिचंच हे संग्रहालय. ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांपासून मोगल, मराठे आणि इंग्रजांपर्यंतचा प्रवास इथं दिसतो. मुलं कंटाळतील अशी आम्हाला भीती होती. पण दादीनं बटव्यातून तिच्या आईचा, काळा पडलेला चांदीचा रुपया काढला आणि सगळं बदललं.

तो चांदोरी रुपया निघाला. चांदोर म्हणजे आपल्या शेजारचं चांदवड. होळकरांच्या अमलात तिथं टांकसाळ होती, पण नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं, आणि लिपी फारसी. गावाचं नावही "जाफराबाद उर्फ चांदोर" असं पडे. नाशिकच्या नाण्यांवर गुलशनाबाद. राज्य मराठ्यांचं आणि शिक्का बादशहाचा, हे मुलांना विचित्र वाटलं. खरं तर त्यात व्यवहार होता. लोकांचा ज्या शिक्क्यावर भरवसा, तोच बाजारात चाले.

ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे पूर्ण मजकूर कधीच उमटत नसे. दादीनं अर्धवट अक्षरांवर बोट ठेवत वाचलं: "शाह... आलम." मुलीनं रुपया हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. ती मराठी शाळेत सातवीत आहे. कुरआन शरीफ वाचते, म्हणजे अक्षरं ओळखते. पण जेर-जबर नसलेली ही गुंतलेली लिपी तिला लागेना. आम्हा दोघांनाही लागली नाही, हे तिच्या लक्षात आलं. आमच्या घरात ती लिपी वाचणारं आता एकच माणूस उरलं आहे.

जोहरनंतर डबा खाल्ला आणि परतताना शरणपूर रोडवर थांबलो. आज तिथं दुकानं आणि बँका. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी वसवलेलं शरणपूर हे वेगळं गाव होतं. संत आंद्रिया चर्च त्याच वस्तीचं. इंग्रजी आरमारानं समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकन गुलाम मुलं इथं आणली जात, शिकत, सुतारकी-लोहारकी करत.

त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा वेनराइट, चुमा आणि अब्दुल्ला सुसी यांनी इतरांसह त्याचा देह महिनोन्‌महिने चालून किनाऱ्याला आणला. झाडावर नाव-तारीख कोरली ती वेनराइटनं. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा हा शरणपूरचा मुलगा तिथं हजर होता.

"आपण चर्चमध्ये गेलेलं चालतं?" असं मुलानं विचारलं होतं. दादीनं त्याला हबशाच्या नजाशी बादशहाची गोष्ट सांगितली. मक्केतून निघालेल्या मुसलमानांना त्या ख्रिस्ती राजानं आसरा दिला होता. "अदबीनं बस, बस्स," ती म्हणाली. एक गोष्ट मात्र आम्हालाच सांगावी लागली. ती गलबतं बहुतेक अरब व्यापाऱ्यांची होती. हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव घेणाऱ्यांनीच मुलं विकली. सांगताना जीभ अडखळली, पण लपवलं नाही.

जेकब वेनराइट हे नाव मिशनचं. त्याच्या आईनं त्याला काय हाक मारली असेल, हे मुलगा निफाड येईपर्यंत विचारत राहिला.

अंजनेरीला निघण्यापूर्वी संग्रहालय उघडं आहे का ते विचारून घ्यावं. चर्चला रविवार टाळून जावं, प्रार्थनेत अडथळा नको. सिन्नरचं गारगोटी खनिज संग्रहालय आमचं राहिलं आहे, ते उन्हाळ्यात.