डबे गेले, गोळीही गेली

मागच्या महिन्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय 42. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, चार महिन्यांत वजन सहा किलोने वाढलेले. थायरॉईडची गोळी नियमित घेता ना, असे विचारले तर म्हणाल्या, ‘‘नाही डॉक्टर, बंद केली. वजन प्लॅस्टिकमुळे वाढतं असं कळलं. घरातले सगळे डबे भंगारवाल्याला दिले. आता कारणच गेलं, मग गोळी कशाला?’’

मी रागावलो नाही. बाईंनी जे ऐकले होते त्यातले निम्मे खरे होते, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीची समजूत घालणे फार अवघड जाते.

खरे किती ते पाहू. 2006 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रूस ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्रुन यांनी काही रसायनांना ‘ओबेसोजेन’ असे नाव दिले. आपण त्यांना चरबीवर्धक रसायने म्हणू. जहाजांच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचे द्रव्य घालत असत. ते गाभण उंदरांना दिले, तेव्हा पिल्लांच्या अंगात नेहमीपेक्षा जास्त चरबी साठली. कोवळ्या पेशीने चरबीची पेशी व्हायचे की नाही हे ठरवणारी जी कळ असते, तीच हे द्रव्य दाबते. अर्थात हे उंदरांचे झाले. माणसात नेमके तसेच घडते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्या घराशी जास्त संबंध येतो तो बिस्फेनॉल-ए या रसायनाचा. टणक, काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक, डबाबंद पदार्थांच्या पत्र्याचे आतले अस्तर, दुकानातली गुळगुळीत छापील पावती, अशा ठिकाणी ते सापडते. ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे 1930 च्या दशकातच लंडनमध्ये डॉड्स यांनी दाखवले होते! तरी बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून ते काढायला आपल्याकडे 2015 साल उजाडले. युरोपने 2024 च्या अखेरीस अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदीचा निर्णय घेतला.

एक दिलासा आहे. हे रसायन बरेचसे दिवसभरात लघवीवाटे निघून जाते. 2011 साली अमेरिकेत पाच कुटुंबांतील 20 जणांना तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकमधले अन्न टाळून ताजे जेवण दिले, तर लघवीतले प्रमाण सरासरी 66 टक्क्यांनी उतरले. तो प्रयोग वजनाचा नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवावे. उलट नॉनस्टिकच्या उद्योगात पूर्वी वापरत ती फ्लोरिनयुक्त रसायने रक्तात वर्षानुवर्षे राहतात. ती रक्तात जास्त असलेल्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, डाएट करून उतरलेले वजन पुन्हा लवकर चढले, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाशेवर लोकांच्या पाहणीत दिसले. त्यांच्यामुळेच चढले, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून मी घरोघरी एवढेच सांगतो : गरम आमटी, चहा, तेल प्लॅस्टिकात ओतू नका, लोणचे चिनीमातीच्या बरणीत घाला, नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. गर्भारपणात आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत जास्त जपा. आणि हो, वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. ते हे वर्तमानपत्र असले तरी! शाई पोटात जाते, आणि 2018 च्या नियमांनी त्याला मनाईही आहे.

पण बाईंची थायरॉईड ग्रंथी मुळातच मंदावलेली. ती डबे फेकल्याने जागी होत नाही. टीएसएच तपासला तर 38 निघाला. तो साधारण साडेचारच्या आत हवा. गोळी पुन्हा सुरू केली, पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर. सहा आठवड्यांनी परत तपासणी.

‘‘म्हणजे डबे उगाच दिले?’’ त्यांनी विचारले.

‘‘ते चांगलंच केलंत,’’ मी म्हणालो.

इतक्यात नेहमीप्रमाणे चहा आला, वाफाळता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाईंनी आधी पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चहावाल्याला किटली आणायला सांगितली आहे.