उतारवयातील इलेक्ट्रिक गिटार : अर्ध्या तासाचा रोजचा रियाज

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीच्या तारुण्यात इलेक्ट्रिक गिटारचा ध्वनी हिंदी चित्रपटसंगीतात चांगलाच रुळला होता. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधील ‘दम मारो दम’ या गाण्यात भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली गिटार ज्यांनी त्या काळी रेडिओवर ऐकली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात हे वाद्य शिकण्याची इच्छा निर्माण झाली. पुढे नोकरी, संसार आणि मुलांची शिक्षणे यांत ती राहून गेली. निवृत्तीनंतर वेळ मिळतो, मुले किंवा नातवंडे हौसेने वाद्य आणून देतात, आणि मग दोन शंका उभ्या राहतात. या वयात बोटे वळतील काय? आणि वळविण्याच्या नादात हातांना अपाय तर होणार नाही?

पहिल्या शंकेचे उत्तर असे, की बोटे वळतात. वाढत्या वयात नवे कौशल्य आत्मसात होण्याचा वेग मंदावतो, परंतु ती क्षमता नाहीशी होत नाही. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र रियाजाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. विशीतील तरुण दिवसाला तीन-चार तास वाजवून जे साधतो, ते साठीनंतर त्याच मार्गाने साधू पाहणे धोक्याचे ठरते. उतारवयात रियाज थोडा, रोजचा, संथ आणि वेदनारहित असावा. हात सुधारतो तो याच रीतीने.

हात वाजवितो म्हणजे काय होते

बोटांना हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालील हातात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे मिटविणारे नऊ स्नायुबंध आणि एक महत्त्वाची मज्जातंतू दाटीवाटीने जातात. मनगट दुमडून बराच वेळ तार दाबल्यास या बोगद्यातील दाब वाढतो. म्हणून मनगट शक्य तितके सरळ ठेवणे ही तंत्राची पहिली पायरी आहे आणि आरोग्याचीही.

स्नायूंच्या तुलनेत स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे नव्या श्रमांशी जुळवून घेण्यास त्यांना अधिक काळ लागतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उत्साह वाढतो, स्नायू साथ देऊ लागतात, परंतु स्नायुबंध अजून तयार झालेले नसतात. बहुतेक दुखणी या टप्प्यावर उद्भवतात.

माझ्या दवाखान्यात येणारे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ घरी अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची शुश्रूषा करतात. आठवडाभर वेळ मिळत नसल्याने ते रविवारी सलग दोन तास गिटार वाजवीत. महिनाभरात त्यांच्या डाव्या अंगठ्याचे मूळ सुजले आणि पत्नीला कुशीवर वळविणे त्यांना जमेना. त्यांच्या दृष्टीने वाद्य थांबणे ही गौण गोष्ट होती, पत्नीची सेवा थांबणे ही खरी आपत्ती होती. उतारवयात हे सूत्र विसरता कामा नये. ज्या हाताने वाजवायचे, त्याच हाताने चहाचे आधण उतरवायचे असते, औषधाच्या बाटलीचे झाकण उघडायचे असते आणि कोणाला तरी आधार द्यायचा असतो. रियाजाचे माप या उरलेल्या दिवसावरून ठरवावे. सूज पूर्ण उतरल्यावर या गृहस्थांनी दोन तासांऐवजी रोज पंधरा मिनिटे वाजविण्यास आरंभ केला. पत्नी दुपारी झोपते, ती वेळ त्यांनी निवडली. आज त्यांचे वादन पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे आणि अंगठा दुखत नाही.

थोड्या रियाजाने अधिक प्रगती होण्यामागे कारण आहे. मेंदू नवी हालचाल केवळ सरावाच्या वेळी शिकत नाही. सरावानंतरच्या विश्रांतीत आणि रात्रीच्या झोपेत ती शिकवण पक्की होते. आठवड्यातून एकदा दोन तास वाजविणाऱ्यास अशी एकच रात्र लाभते, रोज वाजविणाऱ्यास सात.

वाद्य हाताला सोयीचे करावे

या वयात साध्या गिटारपेक्षा इलेक्ट्रिक गिटार अनेकदा सुसह्य ठरते. तिच्या तारा बारीक असतात, फ्रेटपासूनची त्यांची उंची कमी असते आणि ध्वनी अ‍ॅम्प्लिफायर मोठा करीत असल्याने जोर लावावा लागत नाही. सर्वांत बारीक तार ०.००९ किंवा ०.००८ इंच जाडीची असेल असा संच घ्यावा. सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरविल्यास ताण आणखी कमी होतो.

बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी यांनी १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. ते डावखुरे वादक असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा ताणही उतरविला, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदातून ते जगप्रसिद्ध झाले. हातात उणीव असेल तर वाद्यात बदल करावा, हा धडा संधिवाताने बोटे आखडलेल्यांनाही लागू आहे.

गिटारचे वजन साधारण तीन ते चार किलो असते. उभे राहून पट्ट्याने ती खांद्यावर तोलल्यास मान व खांदा अवघडतात. त्यामुळे हात नसलेल्या खुर्चीवर, दोन्ही पाऊले जमिनीस टेकवून, पाठ ताठ ठेवून बसावे. आंघोळीनंतरची किंवा दुपारच्या विश्रांतीनंतरची वेळ चांगली, कारण सकाळी उठल्याबरोबर सांधे ताठर असतात.

अर्ध्या तासाची आखणी

पुढील क्रम उजव्या हाताने वाजविणाऱ्यांसाठी दिला आहे. डावखुऱ्यांनी हातांची अदलाबदल करावी. अर्धा तास जमत नसेल तर सकाळ-सायंकाळ पंधरा-पंधरा मिनिटे करावीत.

पहिली ४ मिनिटे, पूर्वतयारी. वाद्य बाजूस ठेवावे. हिवाळ्यात हात कोमट पाण्यात बुडवून कोरडे करावेत. मूठ हलकेच मिटावी व उघडावी, मनगटे दोन्ही दिशांना फिरवावीत, खांदे वर उचलून सैल सोडावेत. बोटे दुसऱ्या हाताने ओढून ताणू नयेत.

पुढील ५ मिनिटे, उजवा हात. डाव्या हाताची बोटे तारांवर हलकेच टेकवून ठेवावीत, म्हणजे नको असलेल्या तारा गुंजणार नाहीत. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा आणि एकाच तारेवर, प्रत्येक ठोक्यास एक याप्रमाणे, पिक आलटूनपालटून खाली-वर चालवावी. पिक निसटणार नाही इतकीच धरावी. चारही मिनिटांत आघात सारखे येऊ लागले की पाचव्या मिनिटात तार बदलावी.

नंतरची ७ मिनिटे, डावा हात. पाचव्या ते आठव्या फ्रेटपर्यंत प्रत्येक फ्रेटला एक बोट ठेवावे. या भागात फ्रेटमधील अंतर कमी असल्याने बोटांना फार फाकावे लागत नाही. बोट फ्रेटच्या धातुपट्टीच्या अगदी मागे टेकवावे आणि दाब हळूहळू वाढवावा. स्वर जेथे प्रथम स्वच्छ उमटतो, तेवढाच दाब आवश्यक आहे. बहुतेक नवशिके याहून कितीतरी अधिक दाब देतात, आणि अंगठ्याचे दुखणे तेथूनच सुरू होते. तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी या क्रमाने एकेक स्वर वाजवावा आणि तारेमागून तार घ्यावी. अनामिका व करंगळी यांचे स्नायुबंध परस्परांशी जोडलेले असल्याने त्या सहज स्वतंत्र हलत नाहीत, म्हणून तेथे घाई करू नये.

मग ४ मिनिटे पूर्ण विश्रांती. वाद्य खाली ठेवावे, पाणी प्यावे, दोन पावले चालावे. दृष्टी जवळच्या वस्तूंवरून हटवून खिडकीबाहेर न्यावी.

त्यानंतर ५ मिनिटे, स्वरसमूह. कॉर्डची एकच जोडी घ्यावी, उदाहरणार्थ ई मायनर व ए मायनर. एका मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल होतो, ते मोजून वहीत लिहावे. खडखडणारा बदल मोजू नये.

शेवटची ५ मिनिटे आवडीचे गाणे किंवा भजन. ते एकाच तारेवर वाजविले तरी चालेल. रियाज आनंदात संपला, तर दुसऱ्या दिवशी वाद्याकडे पाऊल आपसूक वळते.

मेट्रोनोमची गती सलग तीन दिवस एकही चूक न होता वाजविता आले तरच ४ ठोक्यांनी वाढवावी. चुका होऊ लागल्या की पुन्हा मागे यावे. चुकीची हालचाल वेगाने शंभर वेळा केली, तर हातास चूकच पाठ होते. आपल्या संगीतातील मींडेप्रमाणे तार खेचून स्वर चढविण्याचा मोह पहिले काही महिने आवरावा. पुढे ती क्रिया करताना दोन बोटांचा आधार द्यावा आणि जोर बोटाच्या सांध्यातून न लावता मनगट व कोपराखालील हात फिरवून घ्यावा.

कोठे थांबावे

बोटांच्या टोकांची किंचित हुळहुळ पहिल्या आठवड्यांत स्वाभाविक आहे. सांध्यात, मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यास मात्र त्याच क्षणी वाद्य ठेवावे. थांबल्यानंतर तासाभरात दुखणे शमले नाही, किंवा दुसऱ्या सकाळी हात नेहमीपेक्षा ताठर वाटला, तर रियाज निम्म्यावर आणावा. रात्री अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होऊन जाग येणे, मिटलेले बोट अडकून खटकन उघडणे, किंवा सूज येणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना हात दाखवावा. वेदनाशामक गोळी घेऊन रियाज करू नये. वेदना हा इशारा आहे, आणि गोळी तो दडवून टाकते.

मधुमेहींनी विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्यात बोटे अडकण्याचा विकार अधिक आढळतो, तसेच बोटांची संवेदना कमी झालेली असल्यास तारेने पडलेली चीर कळत नाही. रियाजानंतर बोटांची टोके उजेडात पाहावीत. साखर तपासण्यासाठी टोचायचे ते उजव्या हाताच्या बोटाच्या कडेला, तारा दाबणाऱ्या डाव्या बोटांच्या टोकांवर नव्हे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना लहानशा दाबानेही काळेनिळे डाग पडू शकतात, ते वाढत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

पेसमेकर बसविलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच आरंभ करावा. गिटारच्या पिकअपमध्ये आणि हेडफोनमध्ये चुंबक असतात. ते यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावेत आणि हेडफोन गळ्यात लोंबकळत ठेवू नयेत. पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली असतो आणि गिटारचा पट्टा त्याच खांद्यावरून जातो, म्हणून पट्टा टाळणे इष्ट.

वयानुसार बारीक, उंच स्वर कमी ऐकू येतात आणि नकळत आवाज वाढविला जातो. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही व्यावसायिक सुरक्षिततेची एक मान्य मर्यादा आहे, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. साधी कसोटी अशी, की शेजारी बसलेल्याशी आवाज न चढविता बोलता आले पाहिजे. रियाजानंतर कानात शिटी वाजत राहिली, तर आवाज अधिक होता असे समजावे.

घरच्या मंडळींसाठी

अ‍ॅम्प्लिफायर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावा आणि ओल्या हातांनी वाद्यास स्पर्श करू देऊ नये. जमिनीवर पसरलेली वायर हा घरातील मोठा धोका आहे. वृद्धापकाळी एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते, म्हणून वायर भिंतीच्या कडेने न्यावी आणि रियाज संपताच गुंडाळून ठेवावी. ‘या वयात हे काय?’ हा प्रश्न थट्टेनेही विचारू नये, आणि उलट दिशेने पाहुण्यांसमोर वाजवून दाखविण्याचा आग्रहही धरू नये.

रियाजाची वही मात्र अधूनमधून अवश्य पाहावी. महिनोन्‌महिने जमणारी गोष्ट हळूहळू जमेनाशी झाली, हात संथ पडला किंवा विसावलेल्या हाताला कंप सुटला, तर ते केवळ वय समजून सोडू नये, तपासणी करून घ्यावी. एक हात अचानक दुबळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते.

इलेक्ट्रिक गिटारच्या जडणघडणीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते लेस पॉल १९१५ मध्ये जन्मले. १९४८ मधील मोटार अपघातात त्यांच्या उजव्या हाताचे कोपर चिरडले, तेव्हा गिटार धरता यावी अशा कोनात तो हात डॉक्टरांकडून बसवून घेण्यात आला. उतारवयात संधिवाताने त्यांची बोटे आखडली. तरीही उरलेल्या बोटांना झेपेल असे वादन त्यांनी घडविले आणि नव्वदी उलटल्यावरही न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी ते वाजवीत राहिले. २००९ मध्ये, ९४ व्या वर्षी ते निवर्तले. आपल्याला रंगमंच गाठायचा नाही. उद्या सकाळी चार मिनिटे मूठ मिटायची-उघडायची आहे, मेट्रोनोम साठावर लावायचा आहे, आणि हात थकण्यापूर्वी वाद्य खाली ठेवायचे आहे.