गर्दी जास्त, विरोध कमी: चार बंदरांचा कौल

माणशी ७०, ५२, ५० आणि ३८. अमेरिकेतल्या चार बंदरांवर वर्षभरात क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांची संख्या तिथल्या लोकसंख्येने भागली की साधारण हे आकडे येतात. पहिला अलास्कातल्या सिटकाचा, दुसरा अलास्काचीच राजधानी असलेल्या जुनोचा, तिसरा मेन राज्यातल्या बार हार्बरचा आणि चौथा फ्लोरिडाच्या पार दक्षिण टोकावरच्या की वेस्टचा. जहाजांवर मर्यादा घालायची का, हा प्रश्न २०२० ते २०२५ या काळात चारही गावांनी थेट मतदानाला टाकला. ‘हो’ म्हणणारे, याच क्रमाने, २७ टक्के, ३९ टक्के, ५८ टक्के आणि ६० टक्क्यांच्या वर.

जिथे गर्दी सर्वांत जास्त, तिथे मर्यादेला पाठिंबा सर्वांत कमी. आपण नेमकं याच्या उलट धरून चालतो.

चार गावांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरं. शिवाय प्रस्तावही सारखे नव्हते. तरीही सर्वेक्षणांपेक्षा मला हे आकडे जास्त बोलके वाटतात. ‘तुम्हाला शाश्वत पर्यटन हवं का?’ असं दारात येऊन विचारलं तर नाही कोण म्हणणार? मतपत्रिकेवर मात्र आपल्याच गल्ल्याचा हिशेब असतो.

सिटकाचं उदाहरण घ्या. लोकसंख्या जेमतेम साडेआठ हजार. कोविडपूर्वी वर्षाला दोन लाखांच्या आसपास क्रूझ प्रवासी यायचे, ते काही वर्षांतच सहा लाखांच्या घरात गेले. मे २०२५ मधला प्रस्ताव वर्षाला तीन लाखांची आणि दिवसाला ४,५०० ची मर्यादा मागत होता. म्हणजे आहेत त्यातले निम्मे कमी करा. ७३ टक्क्यांनी तो फेटाळला. या गावातून बाहेर जायला रस्ताच नाही. विमान नाहीतर बोट. इथली लगद्याची गिरणी १९९३ मध्ये बंद पडली. गावाचा स्वतःचा विक्रीकर हिवाळ्यात ५ टक्के असतो, उन्हाळ्यात ६ टक्के. जहाजं उन्हाळ्यातच येतात, तेव्हा हा जादा एक टक्का कोणाच्या खिशातून येतो ते सांगायला नको. मर्यादेच्या विरोधात मत देणाऱ्याला गर्दी आवडते असं मुळीच नाही; गर्दी गेली तर त्या जागी काय येणार, हे त्याला दिसत नाही.

जुनोलाही बाहेरून रस्ता नाही. ३२,००० वस्तीच्या या शहरात २०२३ मध्ये साडेसोळा लाख प्रवासी उतरले आणि क्रूझमुळे झालेला खर्च सुमारे ३७.५ कोटी डॉलर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रस्ताव आला की शनिवारी आणि ४ जुलैला २५० किंवा त्याहून जास्त प्रवाशांची सोय असलेली जहाजं बंदरात नकोत. आठवड्यातला एक दिवस तरी गाव आपलं असावं, इतकंच मागणं होतं. ६१ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. पण याच शहराच्या मतदारांनी १९९९ मध्ये प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे पाच डॉलर शुल्क लावायला कौल दिला होता! पाहुण्यांना दार बंद करायला लोक कचरतात, त्यांच्याकडून गावासाठी पैसे घ्यायला कचरत नाहीत.

आता बार हार्बर. वस्ती पाच हजारांच्या आसपास. इथे मोठी जहाजं खाडीत नांगर टाकतात आणि प्रवासी छोट्या बोटींनी धक्क्यावर येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५८ टक्क्यांनी ठरवलं की दिवसाला १,००० प्रवासीच उतरतील; वर प्रत्येक जादा माणसामागे किमान १०० डॉलर दंड. मग इथे हिंमत कुठून आली? गावाला खेटूनच अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास भेटी होतात आणि बहुतेक लोक मोटारीने येतात, मुक्काम करतात. मेन राज्यात गावांना स्वतःचा विक्रीकर लावता येत नाही. जहाजावरून उतरलेल्याने टी-शर्ट घेतला तर कर राज्याकडे जातो, गावाच्या वाट्याला पदपथावरची रेटारेटी येते.

की वेस्टचंही तेच. मायामीहून सरळ महामार्ग येतो, त्यामुळे हॉटेलात राहणारे पर्यटक जहाजावर अवलंबून नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे तीन प्रश्न होते. दिवसाला १,५०० प्रवाशांच्या मर्यादेला ६३ टक्के, मोठ्या जहाजांवरच्या बंदीला ६१ टक्के आणि पर्यावरणाबाबत चांगली कामगिरी असलेल्या जहाजांना प्राधान्य देण्याला ८१ टक्के मतं मिळाली. साथीमुळे बंदर तेव्हा काही महिने रिकामंच होतं. जहाजांशिवाय गाव चालतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण मतं पडली म्हणजे काम झालं असं नाही. जून २०२१ मध्ये फ्लोरिडा राज्याने कायदा करून की वेस्टचा कौल रद्दबातल केला; गावाला पुढच्या वर्षी स्वतःच्या ताब्यातले दोन धक्के मोठ्या जहाजांना बंद करण्याएवढीच वाट उरली. बार हार्बरचं प्रकरण न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये मर्यादा बव्हंशी टिकली. त्याच वर्षी ती मागे घेण्यासाठी पुन्हा मतदान झालं, तेव्हा ती शंभरापेक्षा कमी मतांच्या फरकाने वाचली. पाठिंबा हा एकदा मोजून ठेवायचा आकडा नव्हे.

आपल्याकडे अशी मतपेटी कुठल्या गावापुढे येत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली ती प्रशासनाच्या निर्णयाने. ती राबवायला आसपासच्या गावांची समिती पुढे आली, कारण प्रवेशशुल्क तिच्यामार्फत जमतं आणि राखणदारी, वाहनतळ, वाटाड्या ही कामं गावातल्याच पोरांना मिळतात. कोकणातल्या किनाऱ्यांसाठी आराखडे करणाऱ्यांनी प्रबोधनाच्या शिबिरांआधी हा हिशेब मांडावा: पर्यटकाच्या शंभर रुपयांतले किती ग्रामपंचायतीकडे राहतात आणि तो आला नाही तर गावाकडे दुसरं काय आहे.

आणि तुम्ही अलास्काच्या क्रूझचा बेत करत असाल तर ध्यानात ठेवा. जुनोने शनिवारची बंदी नाकारली, तरी त्याआधीच जहाज कंपन्यांशी करार केला होता. २०२६ पासून तिथे दिवसाला १६,००० प्रवाशांच्या क्षमतेएवढीच जहाजं लागणार, शनिवारी १२,०००.