रानडुकरासमोर रिव्हॉल्व्हर: गोळी कोणती घ्यायची, आणि ती चालेल तरी का?

रीलवर सगळं सोपं दिसतं. टेक्सासमधला एक गडी रायफल घेऊन डुकरामागे झुडपात शिरतो, जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं, गडी कमरेचं पिस्तूल काढतो आणि त्याला जागेवर आडवं करतो. खाली मराठी कमेंट ठरलेली, "याला आमच्या शेतात पाठवा." आणि तिच्याखाली, "भावा, गोळी कोणती वापरली?"

हा दुसरा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या नाशिकच्या डोंगरपट्ट्यात रान आणि शेत यांच्यात एखादा बांध असतो, तेवढंच अंतर. भुईमूग, मका, भात हाताशी आला की रात्रीची राखण आलीच. ज्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे, त्यांच्या डोक्यात एक हिशेब कायम चालू असतो. दुनळीत दोनच काडतुसं. दोन्ही उडाली आणि डुक्कर पडलं नाही, तर? कमरेला एखादं रिव्हॉल्व्हर असावं का?

आधी डुकराचं शरीर बघू, कारण गोळीची निवड तिथून सुरू होते. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास किंवा वर जातो. त्याच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातडीचा एक जाड, कडक थर असतो. नर एकमेकांशी भिडतात तेव्हा सुळ्यांपासून वाचवायला निसर्गाने दिलेली ती ढालच. काळीज आणि फुफ्फुसं खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असतात. आणि समोरून येताना डोकं खाली असतं, कपाळाचं हाड उतरतं, त्यामुळे हलकी गोळी तिरकी लागून घसरू शकते.

म्हणजे इथे गोळीकडून पहिली अपेक्षा खोल जाण्याची. माणसापासून संरक्षणासाठी जगभर पोकळ टोकाची गोळी घेतात, ती आत जाऊन फुगते आणि लवकर थांबते. डुकराच्या बाबतीत हाच गुण दोष ठरतो. म्हणून अमेरिकेतले शिकारी बॅकअपला १० मिमी ऑटो किंवा .४४ मॅग्नम ठेवतात आणि त्यात कडक शिशाची, न फुगणारी गोळी घालतात. १० मिमीच्या गोळीत साधारण ८०० ज्यूल ऊर्जा असते, .४४ मॅग्नम हजाराच्या वर जाते.

आता नाशिकला या.

भारतात ९ मिमीचं पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. परदेशी हत्यारांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. .३५७ मॅग्नम कायद्याने चालतं, पण आधी देशात आलेल्या मोजक्या नगांपैकी एखादा हाती लागला तर, आणि त्याची किंमत ऐकून शेतकरी बंदुकीपेक्षा ट्रॅक्टर घेईल. थोडक्यात, नव्याने हँडगन घ्यायची तर पर्याय जवळपास एकच, .३२ बोअर. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ साली आलं तेव्हा किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, ५० मीटर रेंजची जाहिरात झाली. हत्यार बदललं, काडतूस तेच राहिलं.

हे काडतूस १८९६ सालचं डिझाइन आहे. गोळीचं वजन सहा-साडेसहा ग्रॅम, ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल. वरचा ८०० चा आकडा आठवा. बारा बोअरचं एकच मोठ्या गोळीचं काडतूस तर दोन हजार ज्यूलच्या पुढे जातं. गंमत म्हणजे बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, तो कारखाना १८६९ सालचा.

एक घोळ इथे कायम होतो. .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि .३२ चं पिस्तूल यांची काडतुसं एक नाहीत. पिस्तुलाचं ते ७.६५ मिमी ब्राउनिंग, लांबीला आखूड. परवान्यावर नुसतं '.३२' बघून अदलाबदल करू नका. ताकदीत मात्र दोघं भाऊ-भाऊच.

त्यामुळे 'कोणती गोळी' याचं प्रामाणिक उत्तर असं: .३२ आधीच जवळ असेल तर पोकळ टोकाच्या नादी न लागता पूर्ण जॅकेटवाली घ्या, ती निदान खोल जाईल. पण अंधारात, पळत येणाऱ्या डुकरावर, हात थरथरत असताना तिच्या भरवशावर राहणं हा बॅकअप नाही. गोळी लागूनही डुक्कर तुमच्यापर्यंत पोहोचेल, अशी शक्यताच जास्त.

कायद्यालाही बहुतेक हेच वाटलं असावं. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यायचं म्हणतं, पण कशाचा? ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर २० इंचांपेक्षा कमी नळी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. हँडगन त्यात कुठेच नाही. ती हवी तर स्वतःच्या जिवाला धोका असल्याचं वेगळं कारण पटवून द्यावं लागतं. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. ती दुसरी जागा .३२ वर घालवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घालवली नसती.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, ही गोष्ट तर भलेभले विसरतात. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, अर्ज वन विभागाकडे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये काही काळ, काही भागांत डुकराला उपद्रवी घोषित केलं होतं, त्या बातम्या अजून फिरतात. त्यावर विसंबून इथे चाप ओढू नका.

जीव वाचवताना डुक्कर मेलं तर? त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌हेतूने प्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. पण पुढे एक अट आहे. बचावाची वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, तर हे संरक्षण मिळत नाही. विनापरवानगी शिकारीला गेलात, डुक्कर उलटलं, तुम्ही रिव्हॉल्व्हर काढलं, की 'स्वसंरक्षण' म्हणायची सोय संपली. आणि मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता, त्याचा वाटा गावात फिरवायचा नाही.

मग दोन काडतुसं संपल्यावर काय? परवानगी असलेले, सराव असलेले लोक मुळात ती वेळ येऊ देत नाहीत. गोळी मचाणावरून झाडायची. डुक्कर वर चढत नाही, आणि खालच्या दिशेने सुटलेली गोळी चुकली तरी मातीत जाते, शेजारच्या वस्तीत नाही. सोबत दुसरा परवानाधारक हवा, भरलेल्या दुनळीसह. त्यात एसजी किंवा एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस. पाखरांचे बारीक छर्रे डुकराला फक्त चिडवतात. आणि जखमी डुकरामागे रात्री जायचं नाही. उजाडल्यावर, वनरक्षकाला कळवून, मगच माग काढायचा. याच रानात बिबट्याही आहे, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

सुळ्याचा वार बहुतेक मांडीवर बसतो, कारण डुकराची उंची तेवढीच. तिथे मोठी रक्तवाहिनी आहे. रात्री राखणीला निघताना खिशात जाड, स्वच्छ कापड ठेवा. वार बसला तर ते जखमेवर घट्ट दाबून धरा, पकड सोडू नका, आणि सोबतच्याला १०८ लावायला सांगा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६. डोंगरात नेटवर्क कुठल्या वळणावर मिळतं, ते दिवसाउजेडी बघून ठेवा.